भिंगरीताई घरी बसते

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत ती एकोणीस वर्षं टेबलावर होती, पण टेबलाशी बसलेली तिला कुणी बघितली नव्हती. खुर्चीवरची गादी आणली तेव्हा होती तशीच फुगीर राहिली होती. बाई एक तर उभी असायची, नाहीतर चालत. कानाला फोन, केसांत खोचलेली पेन्सिल, आणि टेबलापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या. मेकॅनिक लोकांनी तिचं नाव भिंगरी ठेवलं होतं. तोंडावर ताई, पाठीमागं भिंगरी, आणि दोन्ही मिळून भिंगरीताई. तिच्या कानावर ते गेलं होतं. "भिंगरी तर भिंगरी. धोंडा तर म्हणत नाहीत," एवढंच म्हणाली आणि पुढच्या फोनला धावली.

काम सांगायला सोपं होतं. साठेक इमारतींच्या लिफ्ट कंपनीकडं होत्या. कुठं दार लागेना, कुठं डबा मजल्याच्या वीतभर खाली थांबतोय, कुठं माणूस आत अडकलाय. फोन यायचा तिच्याकडं, आणि सात मेकॅनिकांपैकी कुणाला कुठं धाडायचं ते ती ठरवायची. कशी ठरवायची, ते मात्र तिचं तिलाच ठाऊक.

सकाळी पावणेआठला सातही जण ऑफिसात यायचे. भिंतीवर किल्ल्यांचं कपाट होतं. लिफ्टची मोटर असते ती मशीनरूम, सगळ्या मशीनरूमच्या किल्ल्या त्यात टांगलेल्या. त्या कुणी आपल्या हातानं घ्यायच्या नाहीत असा तिचा कायदा. ती जुडगा काढणार, गड्याच्या तळहातावर ठेवणार आणि क्षणभर आपली बोटं वरून तशीच दाबून धरणार. तेवढ्यात तिला सगळं कळायचं. हात गरम असला तर अंगात ताप. ओलसर असला तर घरात काहीतरी बिनसलंय. थरथरला तर त्या दिवशी त्याला उंचावर न धाडता खालच्या कामाला लावायची, तेल घालणं, लिफ्टखालचा खड्डा साफ करणं असल्या. कारण सांगायची नाही. गडीही विचारायचा नाही. एकोणीस वर्षांत तिच्या हाताखालच्या माणसाला खरचटण्यापलीकडं काही झालं नव्हतं, आणि त्याचा तिला चांगलाच ताठा होता.

मग कंपनीनं ऑफिसच्या तीन मजल्यांपैकी दोन सोडून दिले. मॅनेजरबाई वर्षापूर्वीच आलेली होती, वयानं ताईपेक्षा वीस वर्षांनी लहान आणि बोलायला मऊ. तिनं सगळ्यांना गोळा करून नवी रीत सांगितली. सोमवारी आणि गुरुवारी ऑफिस, बाकीचे दिवस घरून काम. मेकॅनिकांनी घरून थेट साइटवर जायचं. किल्ल्या ज्या त्या इमारतीत, नंबराचं कुलूप असलेल्या पेटीत.

"आणि मी काय करायचं?" भिंगरीताईनं विचारलं.

"आता करता तेच, ताई. फक्त घरी बसून."

"बसून?" ताई म्हणाली. डॉक्टरनं एखाद्या रोगाचं नाव सांगावं तसं तोंड झालं होतं तिचं.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत नवऱ्याचं शिलाई मशीन. नवरा शिंपी, तीस वर्षं एका जागी बूड टेकून कापड शिवलेला माणूस. दिवसात दहा वाक्यं बोलला तर त्या दिवशी बडबड केली म्हणायची. मागच्या खोलीत स्वयंपाक आणि सासूबाई. कंपनीनं दिलेला लॅपटॉप ठेवायला जागा निघाली ती कापड बेतायच्या टेबलाच्या कोपऱ्यावर.

पहिल्या मंगळवारी सासूबाईंनी तिला सात वाजता तयार होऊन बसलेली बघितली.

"कामाला चाललीस?"

"कामावरच आहे, सासूबाई."

"अगं हो, पण जाणार कधी?"

"गेले पण."

सासूबाई लेकाला म्हणाल्या, "हिला काढून टाकलं वाटतं. लाजेनं सांगत नाहीये."

पावणेआठ वाजले आणि भिंगरीताईच्या तळपायाला खाज सुटली. सातपैकी एकाचाही हात तिच्या हातात नाही. कुणाला ताप आहे, कुणाचं बायकोशी वाजलंय, काही कळायला मार्ग नाही, आणि समोर सहा तक्रारी पडलेल्या. तिनं काय करावं? सातही जणांना व्हिडिओ कॉल लावला. एक गडी दात घासत होता, एक बसमध्ये उभा, एक अजून पांघरुणात.

"हात दाखवा," ताई म्हणाली.

"काय?"

"हात, हात. तळहात. कॅमेऱ्यासमोर धरा."

सात जणांनी सात तळहात वर केले. स्क्रीनवर नुसते पंजेच पंजे. एका मेकॅनिकला सगळे गवयी म्हणायचे, कारण तो शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्ट चालते त्या उभ्या बोळात, उतरला की गायचा. तो म्हणाला, "ताई, भविष्य सांगणार का?" ताईनं स्क्रीनला नाक लावून बघितलं. पंजे दिसत होते, पण पंजे बघून काय कळणार? ऊब नाही, घाम नाही. लांब्या म्हणून एक ताडमाड पोरगेलासा मेकॅनिक होता, बसमधला तोच. त्याच्या मागचा एक परका माणूसही हात वर करून उभा राहिला होता. गडी खदाखदा हसले आणि फोन बंद झाले.

तिथून तिचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. ऑफिसात असताना ती फोन करायची नाही असं नाही, पण सकाळी हात बघितलेला असायचा, त्यामुळं दिवसभर निर्धास्त. आता काही बघितलेलंच नाही म्हटल्यावर दर चार मिनिटांनी फोन. पोचलास का? चढलास का? झालं का? अजून किती? अंड्याला जागा शोधणाऱ्या कोंबडीसारखी ती पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत, मागच्या खोलीतून जिन्यात. बोलायची ती मशीनरूमच्या घरघरीवर आवाज चढवायच्या जुन्या सवयीनं. खालच्या मजल्यावरच्या लोकांना शहरातली कुठली लिफ्ट बंद आहे ते पाठ व्हायला लागलं.

दुसऱ्या दिवशी नवरा एका शर्टाची पाठ कापत होता. ताई त्याच्या कानाशी ओरडली, "अरे, ब्रेक बघ आधी, ब्रेक!" आणि कात्री बोटभर आत गेली. नवऱ्यानं कापड उचललं, उजेडात धरलं, खाली ठेवलं.

"कात्री चालू असली की मी देवाशीसुद्धा बोलत नाही," तो म्हणाला.

"मी तुमच्याशी बोलतच नव्हते."

"तेच तर."

दिवसातली पुरती दोन वाक्यं त्यानं तिच्यावर खर्च केली. तिला ती कळली नाहीत. ती तोवर जिन्यात गेली होती, लांब्याला फोन लावत.

लांब्या त्या वेळी एका बारा मजली इमारतीत लिफ्टच्या डब्याच्या छपरावर उभा होता. तपासणीच्या वेळी तसंच करतात. छपरावर उभं राहायचं, एका हातानं बटण दाबून डबा हळूहळू वर न्यायचा आणि शाफ्टच्या भिंतीवरचे पट्टे, नटबोल्ट बघत जायचं. अंग डब्याच्या कडेबाहेर काढायचं नाही, हा तिथला पहिला धडा. खिशातला फोन थरथरला. एकदा, दोनदा. चाळीस मिनिटांत अकरावा फोन होता तो. लांब्यानं बटण दाबलेलंच ठेवलं, दुसऱ्या हातानं खिसा चाचपला, कोपर कडेबाहेर गेलं, आणि भिंतीतून आलेल्या लोखंडी पट्टीनं ते गाठलं.

सहा टाके पडले. हाड वाचलं. "अजून दोन बोटं बाहेर गेलं असतं तर कोपर शाफ्टमध्येच राहिलं असतं," असं सगळ्यात जुने मेकॅनिक म्हणाले. त्यांना सगळे काका म्हणायचे. काकांचा शब्द बाकी सहा जण मानायचे. काकांनी गुरुवारी ऑफिसात मॅनेजरबाईच्या समोर टोपी काढून ठेवली आणि म्हणाले, "शाफ्टपेक्षा हिचा फोन जास्त धोक्याचा आहे. एक तर हिचा फोन थांबवा, नाहीतर टेबलावर दुसरं माणूस बसवा."

भिंगरीताई तिथंच उभी होती. 

मॅनेजरबाईनं मऊ आवाजात सांगितलं, "ताई, एक महिना. शेवटच्या गुरुवारी मी सातही जणांना विचारीन. त्यांना तुम्ही टेबलावर नको असाल तर तुम्हाला गोदामात घेईन. तिथं सुट्या भागांची नोंद ठेवायला माणूस हवंच आहे."

गोदाम तळघरात होतं. खिडकी नव्हती, माणूस नव्हतं, फोन लागत नव्हता. रबरी पट्टे आणि बेअरिंगचे खोके, आणि एक स्टूल. तिथं बसायचं, संध्याकाळपर्यंत. दावणीला बांधलेल्या जनावराला निदान वैरण टाकायला तरी कुणी येतं. ती घरी आली, चप्पल न काढता सरळ मागच्या खोलीत गेली आणि मांडणीवरची सगळी भांडी उतरवून परत लावली.

पुढच्या सोमवारी लांब्या हात गळ्यात अडकवून ऑफिसात आला. टाके निघेपर्यंत त्याला चढायला मनाई होती. मॅनेजरबाईनं त्याला ताईच्या टेबलापलीकडं बसवून दिलं होतं. ताईनं त्याच्यासाठी चहा आणला. साखर ढवळून दिली, कारण त्याचा ढवळायचा हात बांधलेला.

"लांब्या, मी आता फोन करणार नाही. लिहून धाडणार."

"बघू, काय लिहिता."

तिनं तिथंच मोबाइलवर लिहिलं आणि त्याच्या मोबाइलवर धाडलं. लांब्यानं मोठ्यानं वाचलं: "अरे त्या मागच्या बाजूच्या इमारतीत लवकर जा ती बाई परत ओरडतेय मागच्या वेळेसारखंच झालंय आणि जाताना ते पण घेऊन जा."

"मग? कळलं ना?"

"कुठल्या मागच्या बाजूच्या?"

"अरे, ती नाही का, जिथं तू मागं पडला होतास."

"मी चार ठिकाणी पडलोय, ताई. कुठली बाई?"

"ती, कुत्रंवाली!"

"आणि ते पण म्हणजे काय घेऊन जाऊ? कुत्रं?"

ताई तापली. "ढोंग करतोस तू. एवढी वर्षं असंच सांगतेय, सगळ्यांना कळत होतं."

"कळत होतं कारण तुम्ही बोट दाखवायचात, ताई. भिंतीवरच्या नकाशावर बोट, कपाटातल्या किल्लीवर बोट, रबरी पट्ट्याकडं भुवई. बोललेलं निम्मं कुणी ऐकतच नव्हतं." लांब्यानं चहाचा घोट घेतला. "आता तुमचं बोट मला दिसत नाही. मी वर आहे, एक हात ग्रीसनं भरलाय, नाकाला खाज सुटलीय. पत्ता आणि मजला सांगा. काय बिघडलं ते सांगा. आत माणूस आहे की नाही ते सांगा. तुमच्या मनातलं नका सांगू."

"आणि तुझ्या मनातलं मला कसं कळणार?"

"विचारा की. तोंड आहे ना."

ती लिहायची, तो न कळल्याचं सोंग करायचा. नवव्या खेपेला त्यानं वाचलं आणि काही न बोलता मोबाइल खाली ठेवला. "आता काय झालं?" ताईनं घाबरून विचारलं. "काही नाही. मी निघालो असतो," लांब्या म्हणाला.

दुसरी गोष्टही त्याच टेबलावर ठरली. मेकॅनिकनं छपरावर किंवा मशीनला हात घालायच्या आधी एक शब्द धाडायचा: वर. काम संपवून हात मोकळा झाला की दुसरा: खाली. दोन्हींच्या मधे ताईनं फोन करायचा नाही, काहीही होवो. संध्याकाळी काका ऑफिसात आले तेव्हा त्यांना हे सांगितलं. ताईनं घासाघीस करून बघितली.

"अर्ध्या तासात खाली आलं नाही, तर एक फोन? एकच?"

"अर्ध्या तासानंही मी वरच असलो, तर हात मशीनमध्येच असणार ना?" काका म्हणाले. "वाजला की दचकणार. तुझ्या घड्याळाला बघून मशीन थांबतं का?"

"मग मी करायचं काय?"

"बसायचं."

परत तोच शब्द.

बसायला ती शिकली नाही, हे आधीच सांगून टाकतो. काही लोकांना वाटेल की महिन्याभरात बाई शांत झाली, मांडी घालून लॅपटॉपसमोर बसायला लागली. तसलं काही झालं नाही. 'वर' असा शब्द आला की तिच्या अंगात इंगळ्या शिरायच्या. पुढची खोली चौदा पावलं, मागची नऊ. गवयी 'वर' गेला की हमखास तासभर विसरायचा, आणि त्या तासात ताईनं एकदा सासूबाईंची औषधं, चष्मे आणि बटणांचा डबा सगळं काढून रंगांप्रमाणं लावलं. सासूबाई ओरडल्या, "हिला कामावर धाडा रे कुणीतरी!"

पण सकाळी पावणेआठला ती आता पंजे बघत नव्हती. एकेकाला लिहून विचारायची: रात्री झोप झाली का, अंगात बरं आहे का, आज उंचावर जायला जमेल का. पहिले चार दिवस लांब्या सोडून सहाही जणांकडून एकच उत्तर: हो. पाचव्या दिवशी एकानं लिहिलं, "पाठ धरलीय. सांगायचं नव्हतं." तिनं त्याला खालचं काम दिलं आणि कारण कुणाला सांगितलं नाही. त्यानंतर आणखी दोघे बोलायला लागले. काका मात्र रोज: हो.

आणि त्या वर-खालीच्या मधल्या वेळेत, हात शिवशिवतात म्हणून, तिनं एक उद्योग काढला. मेकॅनिकला फोन करायचा नाही ना? बरं. साठ इमारतींच्या वॉचमनना करायला कुणी अडवलंय? एकेकाला फोन करून नाव, कामाची वेळ, मशीनरूमला जायचा जिना कुठून, गच्चीची किल्ली कुणाकडं, पायऱ्या किती, सगळं वहीत उतरवलं. वॉचमन लोकांना एरवी कुणी पायऱ्या किती म्हणून विचारत नाही. एकानं खरंच मोजून परत फोन केला. नवऱ्यानं बेतायच्या टेबलावर खडूनं रेघ मारून दिली: रेघेच्या पलीकडं तिचं ऑफिस, अलीकडं त्याचं कापड. कात्री चालू असली की ती जिन्यात जाऊन बोलायची, आणि हळू बोलायची. हळू बोललेलंही पलीकडं ऐकू जातं, हा शोध तिला एकोणपन्नासाव्या वर्षी लागला.

शेवटच्या गुरुवारच्या आधीचा मंगळवार. दुपारचे बारा वाजलेले. एका नऊ मजली इमारतीतून फोन. लिफ्ट पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मधे अडकली होती, आणि आत दातांचा डॉक्टर. त्याचा दवाखाना त्याच इमारतीत, आठव्या मजल्यावर.

"माझा पेशंट वर तोंड उघडं ठेवून बसलाय," डॉक्टर म्हणाला.

"तुम्ही दाराला हात लावू नका. माणूस निघाला," ताई म्हणाली. सगळ्यात जवळ काका होते. तिनं लिहिलं: पत्ता, पाचव्या-सहाव्याच्या मधे, आत एक पुरुष, श्वासाचा त्रास नाही. काकांचं उत्तर आलं: हो. सव्वाबाराला दुसरं आलं: वर.

आता अशा वेळी काका काय करणार, ते तिला डोळे मिटूनही दिसत होतं. गच्चीवरच्या मशीनरूममध्ये वीज बंद करायची, ब्रेक सुटावा म्हणून त्याचा दांडा हातानं दाबून धरायचा, चाक हळूहळू फिरवून डबा मजल्याशी आणायचा. काकांसारख्या जुन्या माणसाला दहा मिनिटांचं काम.

साडेबारा वाजले. डॉक्टरचा फोन. "अजून किती?"

"होतंय. वर काही आवाज येतो का? डबा हलतो का?"

"मघाशी हलला. वीतभर. मग थांबला."

"कधी?"

"असतील सहा-सात मिनिटं. तुमचा माणूस जेवायला गेला का?"

 काका कामाच्या मधे थांबणारा माणूस नव्हे. वीतभर हलवून सहा मिनिटं थांबायचं कारण नाही. तिचा अंगठा काकांच्या नंबरावर गेला. परवावर गुरुवार आलेला. आता फोन केला आणि काका नुसते दम खात असले, तर गोदाम ठरलेलं. आणि काका ब्रेकचा दांडा धरून असले, आणि फोनला दचकले, तर? आणि नाही केला, आणि काका तिथं पडलेले असले, तर?

"बाई, ऐकताय ना?" डॉक्टर.

"ऐकतेय. हळू श्वास घ्या. तुम्ही लोकांना सांगता ना, थोडंच दुखेल म्हणून? तसं समजा."

डॉक्टर हसला की चिडला, कळलं नाही. ताईनं त्याचा फोन ठेवून वही उघडली. त्या इमारतीचा वॉचमन दुपारी असतो. गच्चीचा जिना मागून, नवव्यापासून बावीस पायऱ्या. तिनं लांब्याला तिकडं निघायला लिहिलं, वॉचमनला फोन लावला आणि एरवी बोलते त्याच्या निम्म्या वेगानं बोलली.

"दादा, मशीनरूमपर्यंत जा. पळू नका. आत जायचं नाही, कशाला हात लावायचा नाही, हाक मारायची नाही. आमच्या माणसाला दिसाल असे दारात उभे राहा आणि मला फक्त सांगा, तो उभा आहे की बसलाय, आणि त्याचे हात कुठं आहेत."

"ओरडू नको म्हणता?"

"अजिबात नाही."

फोन चालूच होता. वॉचमनचे पाय ऐकू येत होते, आणि ती त्याच्याबरोबर पायऱ्या मोजत खोलीत गोल फिरत होती. बावीसच्या जागी चोवीस निघाल्या. नवऱ्यानं कात्री खाली ठेवली होती.

"ताई, ते खाली बसलेत. भिंतीला टेकून. डोळे उघडे आहेत. घामानं भिजलेत."

"हात?"

"मांडीवर. दोन्ही."

"मशीनला लागलेलं काही?"

"काही नाही."

तेव्हा कुठं तिनं काकांना लिहिलं. मेन स्विच बंद आहे का? लांब्या वीस मिनिटांत पोचतो. तोवर मशीनला हात लावू नका.

मिनिटभरानं उत्तर: "बंद आहे."

आणखी एका मिनिटानं: "वॉचमनला का धाडलंस?"

"तुम्ही दिसत नव्हता म्हणून," तिनं लिहिलं.

 लांब्याचे टाके निघून आठवडा झाला होता. तो आला, त्यानं डबा पाचव्याला टेकवला, डॉक्टर बाहेर पडून जिन्यानं आठवा मजला चढला. काकांना जवळच्या दवाखान्यात नेलं. दोन आठवड्यांपासून त्यांना रक्तदाबाच्या नव्या गोळ्या चालू होत्या, सकाळी चक्कर यायची, आणि ते रोज पावणेआठला 'हो' लिहीत होते.

गुरुवारी सातही जण ऑफिसात आले. राहिलेल्या एका मजल्यावर आता खुर्च्या कमी होत्या, दोघे खिडकीवर टेकले. मॅनेजरबाईनं सांगितलं, "ताई टेबलावर राहाव्यात असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

"हात कशाला? तोंडानं बोलतो ना," काका म्हणाले. ते ताईकडं बघत नव्हते. "बाईनं माझी अब्रू घालवली. त्या वॉचमननं अख्ख्या इमारतीला सांगितलं, म्हातारा चक्कर येऊन पडला. पडलो नव्हतो मी. बसलो होतो."

"बसला होता," ताई म्हणाली.

"तू गप." काकांनी टोपीची कड कुरवाळली. "चक्कर आली तेव्हा दांडा माझ्या हातात होता. सोडला, म्हणजे ब्रेक लागला आणि डबा जागच्या जागी थांबला. मग मी बसलो. बसल्यावर फोन समोर ठेवला आणि वाट बघितली, आता ही करणार. उचलला नाही तर परत करणार, परत करणार. नाइलाजानं मी उठलो असतो. उठलो असतो तर कुठं पडलो असतो, ते बघायला त्या मशीनरूममध्ये एकदा या. दोन हात जागा आहे आणि चाकाला जाळी नाही. फोन वाजला नाही. माझ्यापुरतं राहू दे तिला. पण वॉचमन परत धाडलास तर माझ्यासारखा वाईट नाही."

"धाडणार," ताई म्हणाली.

"बघा!" काका मॅनेजरबाईला म्हणाले. "बघा हिचं."

"काका, सकाळी खरं लिहिलंत तर नाही धाडणार."

 काकांनी टोपी डोक्यावर घातली, आणि मॅनेजरबाईनं ते हो म्हणून धरलं. लांब्यानं बरा झालेला हात वर केला. पाठ धरलेल्यानं केला, आणखी दोघांनी केला. गवयी आणि त्याच्या शेजारचा तसेच बसून राहिले. पाच आणि दोन.

"टेबल तुमचं, ताई," मॅनेजरबाई म्हणाली.

ताईनं आभार वगैरे मानले नाहीत. ती त्या दोघांसमोर जाऊन उभी राहिली. "तुम्हा दोघांचं माझ्यावाचून काय अडलंय ते नको. माझ्यामुळं काय अडतं ते सांगा. आत्ता नको, सगळ्यांच्या समोर काही खरं बोलणार नाही तुम्ही. लिहून धाडा."

शेजारच्यानं काही धाडलं नाही. गवयाचं दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी दुपारी आलं. "ताई, जेवायला बसलो की तुमचा मेसेज येतो. महत्त्वाचा असो नसो, बघावा लागतो, घास तसाच राहतो. एक ते दीड, अर्धा तास काही धाडू नका. तेवढंच."

ताईनं वाचलं. लिहायला घेतलेलं खोडलं, परत घेतलं, परत खोडलं. शेवटी एकच शब्द धाडला: समजलं. घड्याळात बघितलं. एक वाजून दोन मिनिटं झाली होती. तिनं मोबाइल पिशवीत टाकला, नवऱ्याला "येते" म्हणाली आणि जिना उतरून गल्लीच्या टोकापर्यंत गेली, परत आली, परत गेली. तिसऱ्या फेरीला कोपऱ्यावरच्या दुकानदारानं विचारलं, "काही हरवलं का, ताई?"

"नाही," ती न थांबता म्हणाली. "अजून सतरा मिनिटं आहेत."